नीलपरीचा आरसा

"आत हवा कुठून येते?" मी विचारलं.

प्रणय घरत हसला. "अगं, इथे येणारा प्रत्येक जण विचारतो, पोलिसांना कधी सापडलंच नाही का? आणि तू हवेचं विचारतेस."

आम्ही दोघं एका प्रचंड आरशासमोर उभे होतो. नीलपरी बारच्या हॉलची ती एक पूर्ण भिंत होती, जमिनीपासून छतापर्यंत आरशाची. प्रणय काउंटरमागे गेला, खाली हात घालून त्याने एक बटण दाबलं. खट्ट आवाज झाला आणि आरशाचा एक उभा तुकडा दारासारखा पुढे आला.

"माझ्या काकाचं डोकं," तो म्हणाला. "बाहेर पोलीस आरशात स्वतःच्या मिशा बघतायत, आणि आत पोरी तोंडावर हात दाबून हसतायत. भारी ना?"

मी नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते. प्रयोगशाळेत जागा मिळेना, म्हणून प्रदर्शनं आणि हॉटेलांची सजावट करणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले होते. दिव्यांची जोडणी माझी, आणि भिंतीवर लावायच्या माहितीफलकांचा मजकूरही माझा. नीलपरी हे सायन-पनवेल रस्त्याला लागून असलेलं एकेकाळचं बदनाम ठिकाण. प्रणयचे काका दामूशेठ घरत यांनी ते काढलं, आणि राज्यात डान्सबारवर बंदी आली तेव्हा ते बंद पडलं. दामूशेठ वारले. पुतण्या लंडनहून हॉटेलचं शिक्षण घेऊन आला आणि त्याने ठरवलं, की या बदनामीचाच धंदा करायचा. नव्या हॉटेलचं नाव 'शबनम'. जुने दिवे तेच, जुना आरसा तोच, आणि आरशामागची ती खोली हे मुख्य आकर्षण.

मी विजेरी घेऊन आत गेले. त्याला खोली म्हणणंही चूक होतं. दोन भिंतींमधली ती एक लांबट फट होती. माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतील एवढीच रुंदी. चहूबाजूंनी गुळगुळीत प्लायवूड. वर एक छोटा पंखा होता, बंद. आणि प्लायवर टिकल्या होत्या. लाल, मरून, चमकीच्या, चंद्रकोरीच्या. आपण नाही का, तोंड धुताना टिकली काढून आरशाला चिकटवतो, तशा.

"घामाने निघायच्या ना, म्हणून काढून लावायच्या," प्रणय बाहेरून म्हणाला. "यांच्यावर मस्त स्पॉटलाइट टाक. लोक फोटो काढतील."

टिकल्या सगळ्या साधारण उभ्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर होत्या. एकच नव्हती. ती दाराजवळ, अगदी खाली, माझ्या घोट्याच्या पातळीवर होती. साधी, काळी, बारीक. मी वाकून पाहिलं. दाराखाली तिथेच थोडी फट होती. बोट लावलं, तर हॉलमधला एसीचा गारवा बोटाला लागला.

म्हणजे हवा तिथून येत होती. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पण टिकली तिथे का, ते कळेना.

बाहेर पडताना मी सवयीने दाराची आतली बाजू चाचपली. कडी नव्हती. मूठ नव्हती. धरायला साधी खाचही नव्हती.

"आतून कसं उघडायचं?"

"आतून कशाला उघडायचं? बाहेरून उघडायचे ना. बटण आहे की."

मी काउंटरखालची फळी काढून तारा पाहिल्या. विजेवर चालणाऱ्या कुलपांचे दोन प्रकार असतात. एकात वीज असेपर्यंत दार बंद राहतं, वीज गेली की आपोआप उघडतं. दुसऱ्यात नेमकं उलट, वीज मिळाली तरच दार उघडतं. हे दुसऱ्या जातीचं होतं. वरचा पंखाही त्याच लाइनवर. मी ते प्रणयला सांगितलं.

"पाहुणे आत असताना वीज गेली तर ते अडकतील, सर. हे कुलूप बदलायला हवं."

"बदलू, बदलू. जनरेटर आहे आपल्याकडे. आधी मजकूर दे तू. अजून 'शबनम'चा फलक आला नाही तुझा."

त्या फलकावरूनच आमचं घोडं अडलं होतं. शबनम ही नीलपरीची सगळ्यात प्रसिद्ध नर्तकी. तिच्यासाठी लोक सुरत-पुण्याहून गाड्या घेऊन यायचे, असं सांगत. प्रणयने रस्त्यावर मोठं होर्डिंग आधीच लावलं होतं, 'दहा वर्षं, एक शबनम. ती परत येतेय.' पण त्याने मला दिलेल्या जुन्या फोटोंत ती प्रत्येक वेळी त्याच फरशा बसवलेल्या खांबाजवळ उभी होती, आणि खांबाच्या फरशा मोजता येत होत्या. सुरुवातीची शबनम उंच. मधली तिच्या खांद्याला लागेल एवढीच. शेवटची पुन्हा थोडी उंच, पण कानाची पाळी निराळी. चेहऱ्यावर रंग इतका, की बाकी काही कळू नये.

"सर, या तीन वेगवेगळ्या बायका आहेत."

"शलाका, दंतकथेला उंची नसते," तो म्हणाला होता. वाक्य त्याला इतकं आवडलं, की त्याने ते फोनमध्ये लिहून ठेवलं.

मी फळी परत लावतच होते, तेवढ्यात पुढचं दार ढकलून एक मुलगी आत आली. सुती कुडता, खांद्याला मोठी पिशवी, गळ्यात नर्सिंग कॉलेजचं ओळखपत्र. वय माझ्याच आसपास.

"इथे मालक कोण आहेत?"

"मीच. बोला ना," प्रणय म्हणाला.

"पत्ता पाहिजे."

"कुणाचा?"

तिने फोन पुढे केला. होर्डिंगचा फोटो होता. "हिचा. दहा वर्षं इथे हीच नाचत होती, असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे दोन हजार पाचला बार बंद होईपर्यंत. मग आता कुठे राहते?"

"तुम्ही कोण पण?"

"तेजस्विनी जावळे. हिची मुलगी."

प्रणयच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आणि मग आनंद उमटलेला मला दिसला. "शबनमची मुलगी? काय सांगता! बसा, बसा. शलाका, पाणी आण गं. उद्घाटनाला तुम्ही पाहिजेच, मॅडम. रिबन तुमच्या हातून."

"मला रिबन नको. पत्ता द्या." ती बसली नाही. "मी चार वर्षांची असताना ती दुबईला गेली म्हणून सांगितलं मला. आजी मरेपर्यंत बार्शीच्या स्टँडकडे बघत बसायची. आता तुम्ही म्हणता, ती त्यानंतर सात वर्षं इथे होती. इथे! बार्शीची गाडी रोज मुंबईत येते. एकदाही यावंसं वाटलं नाही तिला? मला फक्त तिच्यासमोर उभं राहून एवढं विचारायचंय. दुसरं काही नको."

तेव्हाच दारात धाप लागल्याचा आवाज आला. पन्नाशीकडे झुकलेली एक बाई पदराने मान पुसत उभी होती. भरदार, सावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू.

"तेजे, तुला म्हनलं व्हतं नगं म्हनून. फोन का उचलत न्हाईस?"

"कौसल्यामावशी, तू घरी जा. तू मला दुबईचं सांगितलंस. आता गप्प बस."

कौसल्याबाई आत आल्या आणि थबकल्या. आरशातलं दार उघडंच होतं. त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या, आणि पुढे न येता काउंटरच्या कडेला टेकल्या.

"तुम्ही यांच्या कोण?" प्रणयने विचारलं.

"मी? मी शबनम."

प्रणय हसला. "अहो, शबनम यांची आई ना?"

"ती बी शबनमच. तिच्या आदी एक व्हती, तिचं लगीन झालं, ती गेली. मग जमुना. मग मी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाव बारचं असतंय, बाई. आमचं न्हाई. गिऱ्हाईक नावाला येतंय. पोरगी गेली की दुसरीला तेच नाव, तोच घागरा, तोच नाच. दिवे असे फिरवायचे की तोंड नीट दिसूच नये. कुनी इचारलं तर सांगायचं, शबनम आजारी व्हती, आता बरी झाली."

"तीन," मी प्रणयला म्हणाले. "मी सांगत होते."

"हे तर अजून भारी आहे!" प्रणय म्हणाला. "एक नाव, तीन बायका. शलाका, लिहून घे हे."

तेजस्विनीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मावशी, शेवटची शबनम तू होतीस? मग फोटो तुझा आहे?"

"व्हय. होर्डिंगवरचा माजा."

"म्हणजे आई इथे नव्हती." तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "मग दुबईला खरंच गेली होती?"

कौसल्याबाई पुन्हा त्या उघड्या दाराकडे बघायला लागल्या.

ती शांतता प्रणयला सोसेना. पाहुण्यांना रमवायचं शिक्षण घेतलेला माणूस तो. "अहो, असं गंभीर काय होता? मावशी, तुम्ही तर यातल्या उस्ताद. सांगा ना हिला, कशी मजा असायची. रेड पडली की सगळ्या पोरी आत, आणि साहेब लोक बाहेर शोधतायत!" तो टुणकन आत शिरला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि ओठांवर बोट ठेवलं. "अशा! बरोबर ना?"

"बरोबर," कौसल्याबाई म्हणाल्या.

त्या चालत गेल्या आणि आरशाचं दार ढकललं. खट्ट. मग सरळ, इकडेतिकडे न शोधता, काउंटरच्या मागच्या पडद्याआड गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला.

एसी थांबला. दिवे गेले. पुढच्या दाराच्या काचेतून दुपारचं थोडं ऊन फरशीवर येत होतं, तेवढाच उजेड. आरशात आम्ही तिघी अंधुक दिसत होतो.

"अरे, लाइट!" आतून प्रणयचा आवाज आला. "शलाका, बटण दाब."

मी दाबलं. काहीच झालं नाही. होणार नव्हतंच.

"पोलीस आले की पयलं काम हेच," कौसल्याबाई आरशाकडे तोंड करून बोलू लागल्या. आवाज चढलेला नव्हता. "आमाला आत घालायचं, दार लावायचं, मेन खाली. अंधारात गिऱ्हाईक मागच्या दारानं पळायचं. मग पोलीस गेले की मेन वर, बटन दाबून दार उघडायचं. एरवी थोडक्यात व्हायचं. त्या दिवशी मॅनेजरलाच गाडीत घातलं. बाकीचे पळाले. तुजा काका पनवेलला घरी. बाहेर कुलूप लागलं. आमी आत."

"शलाका! जनरेटर! गुदमरतंय इथे!"

"वरडा की," त्या म्हणाल्या. "आमी आदी वरडलो न्हाई. पोलिसांनी धरलं तर पेपरात फोटो, गावात तोंड काळं. एकमेकीच्या तोंडावर हात ठिवून उभ्या. त्यालाच तू हसनं म्हनतोस. मग वरडलो. तवर ऐकायला कुनी उरलं नव्हतं."

दारावर धपधप व्हायला लागली. आरसा हलला, पण फुटला नाही. त्याच्यामागे जाड प्लाय होतं.

माझ्या पायाशी दिव्यांच्या पट्ट्या तपासायची बारा व्होल्टची बॅटरी होती. काउंटरखालच्या कुठल्या दोन तारांना ती लावायची, ते मला पाठ होतं. मी फळी पुन्हा काढली. कौसल्याबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा, बाई. एवढं ऐकू द्या त्याला."

मी थांबले. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

"जमुनेला दमा व्हता," त्या म्हणाल्या, आणि आता त्या आरशाशी नाही, तेजस्विनीशी बोलत होत्या. "तिला समद्यांनी खाली जागा करून दिली. दाराला फट हाय, तिथं नाक लावून पडली व्हती. घामानं टिकली निसटाया लागली, तर म्हनली, 'कौसे, हितं लावते, भाईर निघाल्यावर पुन्हा लावीन.' सकाळी मॅनेजर जामिनावर सुटून आला, तवा दार उघडलं. आमी उभ्या व्हतो. ती उठली न्हाई."

"मग?"

"मग तिला गाडीत घालून नेलं. सरकारी दवाखान्याबाहेर ठिवून आले, रस्त्यावर गावली म्हनून. नाव न्हाई, गाव न्हाई. बेवारस. आन् त्याच संध्याकाळी दामूशेठनं तिचा घागरा माज्या अंगावर टाकला. म्हनला, आजपासून तू शबनम. शबनम नाचतीया म्हनल्यावर शबनम मेली असं कोन म्हनंल? तुज्या आजीला काय सांगायचं ते बी त्यानंच सांगितलं. दुबई. मी सांगितलं, तेजे. माजी लेक व्हती लहान. मी भ्याले."

तेजस्विनीने ओळखपत्राची दोरी गच्च धरली होती.

आतली धपधप मंदावली होती. प्रणय आता ओरडत नव्हता, फक्त म्हणत होता, "प्लीज. प्लीज."

"उघडा," तेजस्विनी म्हणाली.

"त्याला कळू दे की गं!" कौसल्याबाई म्हणाल्या.

"मावशी, आत माणूस आहे. उघडा!"

मी बॅटरीच्या तारा लावल्या. खट्ट झालं.

प्रणय बाहेर पडला तो गुडघ्यांवरच. शर्ट पाठीला चिकटलेला. थोडा वेळ तो नुसता श्वास घेत राहिला आणि मग त्याला आवाज सापडला. "पोलिसात देईन! तिघींना! हा खुनाचा प्रयत्न आहे!"

"बोलीव की," कौसल्याबाई म्हणाल्या. "मी बी हाय हितंच. त्येंनी इचारलं, दार आतनं का उघडलं न्हाई, तर तूच सांग."

त्याने फोन काढला, आमच्याकडे पाहिलं आणि फोन खिशात ठेवून दिला.

तेजस्विनी माझी विजेरी घेऊन आत गेली. डोळ्यांच्या उंचीवरच्या चमकीच्या टिकल्यांवरून उजेड सरकला आणि खाली आला. ती फरशीवर बसली, मग आडवी झाली आणि फटीजवळ तोंड नेलं. कौसल्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा पाय उंबऱ्याच्या आत पडत नव्हता.

"हीच?"

"हीच. ती काळीच लावायची. चमकीची नाचायला. ही घरून लावून आलेली."

"मी तिला फार शिव्या दिल्या, मावशी. इथे येतानासुद्धा, गाडीत."

"मला दे. माज्या हाईत त्या."

माझ्याकडे कटर होता. मी टिकलीभोवतीचा प्लाय चौकोनी कापला आणि तो तुकडा तिच्या हातात दिला. तिने तो ओळखपत्राच्या प्लास्टिकच्या पाकिटात सरकवला. मग मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि कुलूप काढलं.

"ती माझी मालमत्ता आहे," प्रणय म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "पोलीस ठाण्यात जमा करते. पावती तुमच्या नावाने घेईन."

पोलीस ठाण्यात आम्ही तिघी गेलो. फौजदाराने कौसल्याबाईंना पहिला प्रश्न विचारला, त्या वेळी तुमचा व्यवसाय काय होता. त्यांनी सांगितला. मग त्याने पेन खाली ठेवलं. अठरा वर्षांपूर्वीचं प्रकरण, मालक मयत, मॅनेजर बेपत्ता, प्रेत बेवारस, आणि साक्षीदार ही. "आणि हे कुलूप कशाला आणलंत?" त्याने मला विचारलं. मी समजावून सांगितलं, वीज मिळाली तरच ते उघडतं. तो म्हणाला, "मॅडम, कुलूप म्हणजे काय पुरावा? कुलूप तर सगळ्यांच्याच घरी असतं." पंचनाम्याला माणूस गेला, तोवर आरशामागे कोरा प्लाय बसला होता आणि दाराला आतून चकचकीत पितळी मूठ.

मी नोकरी सोडली. हॉटेल ठरल्या दिवशी उघडलं. नाव 'शबनम'च. आरशामागच्या खोलीत आता निळे दिवे आहेत, आणि बाहेर फलक आहे, 'इथे सौंदर्य लपत असे.' हे वाक्य माझं नाही. लोक आत उभे राहून ओठांवर बोट ठेवतात आणि फोटो काढतात.

तेजस्विनी सोलापूरला एका रुग्णालयात परिचारिका आहे. आईच्या मृत्यूचा दाखला मिळावा म्हणून ती अजून अर्ज करते. उत्तर येतं, की जमुना जावळे नावाची कोणी व्यक्ती नीलपरी बारमध्ये कामाला असल्याची नोंद नाही. खरंच नाही. तिथे फक्त शबनम होती, आणि ती तर पुढेही नाचत राहिली.

कुलूप माझ्याकडेच राहिलं. मी आता एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. विद्युतचुंबकाचा धडा आला, की मी ते टेबलावर ठेवते, बॅटरी लावते, खट्ट करून दाखवते. मग तारा काढून घेते आणि विचारते, वीज नसताना बंदच राहणारं असं कुलूप तुम्ही कुठे बसवाल?

मुलं हुशार आहेत. बँकेची तिजोरी, म्हणतात. दागिन्यांचं दुकान. औषधांचं गोदाम. शाळेत प्रश्नपत्रिका ठेवतात ते कपाट.

सगळी उत्तरं बरोबर असतात. माणसं असतात त्या खोलीला, असं उत्तर आजवर एकाही मुलाने दिलेलं नाही.